वाचकांचे प्रश्न : इंग्रजी आधी कानावर, मग फळ्यावर

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांत प्राथमिक वर्गांतील इंग्रजीविषयी आणि एकूणच वाचन-लेखनाविषयी विचारणा करणारी पत्रे सर्वांत अधिक आहेत. त्यांतील सात पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची आणि शाळांची नावे गाळली आहेत व पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथीची मिळून अकरा मुले एकाच खोलीत बसतात. इंग्रजीच्या तासाला मी वाक्य म्हणते आणि मुले माझ्यामागून म्हणतात. दोन मिनिटांत त्यांचे लक्ष खिडकीबाहेर जाते. माझे स्वतःचे इंग्रजी बोलणेही अडखळते. हा तास जिवंत कसा करावा?

उत्तर : तुमची मुले वाक्य म्हणतात, पण त्या वाक्याने काहीच घडत नाही, हे या कंटाळ्याचे मूळ आहे. ही मुले घरी बोलू लागली तेव्हा त्यांच्या प्रत्येक शब्दाने काहीतरी घडत होते. ‘उदक’ म्हटले की पाणी मिळत होते, हाक मारली की आई वळून पाहत होती. ‘धिस इज अ पेन्सिल’ हे वाक्य दहा वेळा म्हटल्याने मात्र पेन्सिल जागची हलत नाही आणि कोणाला नवे काही कळतही नाही, कारण ती पेन्सिल आहे हे सर्वांना आधीपासूनच ठाऊक असते. मुलांचे लक्ष खिडकीबाहेर जाते याचा दोष मी मुलांना देणार नाही.

म्हणून पहिले काही आठवडे पुस्तक बाजूला ठेवून ज्या वाक्यांनी काही घडते अशी वाक्ये वापरावीत. ‘ओपन द विंडो’, ‘ब्रिंग द चॉक’, ‘टच द डोअर’, ‘गिव्ह द बुक टू...’ आणि पुढे एखाद्या मुलाचे नाव. तुम्ही बोलावे आणि मुलांनी ते करून दाखवावे. त्यांनी उलट बोललेच पाहिजे असा आग्रह धरू नये. जेम्स ॲशर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेली ही पद्धत आहे. मूल पहिली भाषा शिकते तेव्हा ते बोलण्यापूर्वी कितीतरी महिने ऐकून, कृती करून समजत असते, आणि दुसऱ्या भाषेलाही तेवढी उसंत द्यावी, हा तिचा गाभा आहे. दोन आठवड्यांनंतर हुकूम देण्याचे काम एकेका मुलाकडे सोपवावे. आपल्या शब्दाने सारा वर्ग उभा राहतो आणि बसतो, हे अनुभवणारे दुसरीतले मूल ते वाक्य सहसा विसरत नाही. तुमच्या खोलीत चार इयत्ता आहेत ही येथे अडचण राहत नाही, कारण चौथीतील मूल हुकूम देते आणि पहिलीतील मूल तो पाळताना थोरांकडे पाहून शिकते.

दुसरी गोष्ट कथेची. आठवड्याला एकच कथा घ्यावी आणि ती सर्व इयत्तांना एकत्र बसवून सांगावी. ती तुम्ही स्वतः रचलेली, सात-आठ वाक्यांची आणि एक वाक्य पुन्हापुन्हा येणारी असली तर उत्तम. एक उदाहरण देते. पहिला पाऊस पडतो आणि कुर्लीच्या, म्हणजे खेकड्याच्या, बिळात पाणी भरते. ती नवे घर शोधायला निघते. एका दगडाखाली जाते आणि विचारते, ‘इज धिस माय हाउस?’ आतून बेडूक म्हणतो, ‘नो, धिस इज माय हाउस.’ पुढे झाडाच्या ढोलीत पोपट, वारुळात साप, आणि प्रत्येक ठिकाणी तेच प्रश्नोत्तर; शेवटी बांधाच्या कडेला एक रिकामे बीळ सापडते आणि कुर्ली म्हणते, ‘यस, धिस इज माय हाउस.’ पहिल्या दिवशी ही कथा मराठीत सांगावी, म्हणजे अर्थ कोणाच्याही डोक्यावरून जाणार नाही. दुसऱ्या दिवसापासून तीच चित्रे दाखवत इंग्रजीत सांगावी, आणि प्रत्येक वाक्यामागे त्याचे भाषांतर जोडू नये, कारण भाषांतर येणार हे ठाऊक झाले की मुले इंग्रजी वाक्य ऐकणेच सोडून देतात. तिसऱ्या दिवशी प्रश्नाचे वाक्य मुलेच म्हणू लागतील. चौथीतील मुलांना एक नवा प्राणी घालून एक नवे पान लिहायला सांगावे आणि ते त्यांनी पहिलीतील मुलांना वाचून दाखवावे. वाचायला समोर खरा श्रोता असला की चौथीतील मूल आपण होऊन दोनदा सराव करून येते.

ही कथा जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या पाठीवर बोटभर उंचीच्या अक्षरांत लिहून शिवून घ्यावी. न्यूझीलंडमधील डॉन होल्डवे यांनी १९७० च्या दशकात अशा मोठ्या पुस्तकांचा पुरस्कार केला, तो आईच्या मांडीवर बसून पुस्तक पाहणाऱ्या मुलाला जे मिळते ते साऱ्या वर्गाला एकदम मिळावे म्हणून. वाचताना शब्दांखालून बोट फिरवावे. बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांची गाठ तेथे पडते.

तुमच्या अडखळण्याविषयी इतकेच सांगते, की पहिली-दुसरीसाठी अस्खलित इंग्रजी लागत नाही. नीट घोटलेली पंचवीस-तीस वाक्ये आणि दोन-तीन कथा पुरतात. त्या वाक्यांचे उच्चार एखाद्या जाणकाराकडून तपासून घ्यावेत आणि नंतर संकोच न बाळगता तीच वाक्ये रोज वापरावीत.

प्रश्न : माझी मुलगी पेडणे तालुक्यातील मराठी शाळेत तिसरीत आहे. तिला सर्व इंग्रजी अक्षरे म्हणता येतात, पण शब्द वाचता येत नाही. ‘सी, ए, टी’ म्हणून झाल्यावर ती ‘सीएटी’च म्हणते. परवा कदंब बसच्या पाटीवरील आपल्या तालुक्याचे नाव तिने ‘पर्नेम’ असे वाचले आणि हे कोणते गाव, असे मला विचारले. मी तिला काय सांगावे?

उत्तर : तुमच्या मुलीचे दोन्ही प्रश्न तर्काला धरून आहेत आणि दोहोंची उत्तरे वेगवेगळी आहेत.

देवनागरीत अक्षराचे नाव आणि त्याचा ध्वनी एकच असतो. ‘क’ला आपण ‘क’च म्हणतो, म्हणून ‘क’, ‘म’, ‘ळ’ ही अक्षरे सलग म्हटली की ‘कमळ’ ऐकू येते. रोमन अक्षरांची नावे मात्र ध्वनीपासून दूर गेलेली आहेत. ‘एच’ या नावात ‘ह’ ऐकू येत नाही, ‘डब्ल्यू’ या नावात ‘व’ नाही, आणि ‘वाय’ या नावाच्या आरंभी ‘व’ असूनही ते अक्षर ‘य’साठी वापरतात. अक्षरे २६ आणि प्रमाण ब्रिटिश उच्चारातील ध्वनी सुमारे ४४, त्यामुळे एकेका अक्षराला अनेक कामे करावी लागतात. तिला नावे पाठ आहेत, ध्वनी कोणी सांगितलेले नाहीत. मराठीच्या सवयीने ती अक्षराच्या नावालाच त्याचा ध्वनी समजते आहे.

यावर उपाय असा. सव्वीस अक्षरांची रांग सध्या विसरावी. एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून आरंभ करावा आणि त्यांना नावाने न संबोधता ‘स्’, ‘ॲ’, ‘ट्’, ‘प्’, ‘इ’, ‘न्’ असे म्हणावे. व्यंजनांमागे ‘अ’ लावू नये, नाहीतर ‘ट’ आणि ‘प’ यांतला अकार शब्दात घुसतो. या सहांतून ‘सॅट’, ‘टॅप’, ‘नॅप’, ‘पिन’, ‘टिन’, ‘सिप’, ‘पॅन’, ‘ॲण्ट’ असे कितीतरी शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात. इंग्लंडमधील अनेक शाळांत हाच क्रम वापरतात आणि त्यामागचे कारण हेच, की थोड्या अक्षरांत पुष्कळ शब्द मिळावेत. पुठ्ठ्याचे चौकोन करून त्यांवर ही अक्षरे लिहावीत. ‘पिन’मधील पहिले अक्षर उचलून तेथे ‘ट्’ ठेवला की काय झाले, असे विचारावे. रोज दहा मिनिटे पुरेत. ‘द’, ‘वॉज’, ‘सेड’ असे काही शब्द नियमात बसत नाहीत; ते चेहरा ओळखावा तसे ओळखायला शिकवावेत.

आता बसची पाटी. आपल्याकडील गावांची रोमन रूपे इंग्रजांनी घडवलेली नसून पोर्तुगिजांनी घडवली आहेत, आणि त्यांना इंग्रजी नियम लावले की गाव ओळखू येत नाही. पेडणे, केपे, सांगे या नावांचा कोकणीतील शेवटचा स्वर नाकातून उच्चारला जातो. पोर्तुगीज लेखनात शेवटचा ‘एम’ हा स्वर अनुनासिक आहे एवढेच सांगतो, तो ‘म’ म्हणून उच्चारायचा नसतो. त्या भाषेत आपला मूर्धन्य ‘ड’ नाही, म्हणून तो ‘आर’ने लिहिला गेला, पेडण्यात तो आहे, तसाच चोडणात आणि अस्नोड्यातही आहे. ‘ई’ आणि ‘आय’ यांच्यापूर्वी ‘सी’ आला तर पोर्तुगिजात तो ‘स’ होतो, म्हणून तेथे ‘क’साठी ‘क्यू’ आणि ‘यू’ लिहितात. केपे आणि साखळी यांची रोमन रूपे पाहावीत. शेल्डे या गावाचे नाव ‘एक्स’ने सुरू होते, कारण तेथे ‘एक्स’ म्हणजे ‘श’. आपल्या भूमीचे आणि रोमन अक्षरांचे हे नाते फार जुने आहे. भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये गोव्यात आला, आणि फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी ओव्यांत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन अक्षरांतच छापले गेले.

तिसरीतल्या मुलीला हा सारा इतिहास सांगण्याची आवश्यकता नाही. ‘ही आपल्या गावांची जुनी पोर्तुगीज स्पेलिंगे आहेत, ती इंग्रजी शब्दांसारखी वाचायची नसतात,’ एवढे सांगावे आणि एक वही करून द्यावी. वहीच्या डाव्या बाजूला बसच्या पाटीवरील नाव तिने जसेच्या तसे उतरवावे व उजव्या बाजूला ते गाव देवनागरीत लिहावे. पेडण्याहून म्हापसा, पणजीपर्यंतच्या एका प्रवासात आठ-दहा नावे मिळतात. कोणत्या नावांच्या शेवटी ‘एम’ येतो आणि त्या गावांना कोकणीत काय म्हणतात, हे तिचे तिलाच सापडू द्यावे. पाट्या वाचण्याची सवय लागलेले मूल प्रवासात आपोआप वाचत राहते.

प्रश्न : फोंड्याजवळच्या शाळेत मी तिसरीला शिकवतो. मुले मराठीचा धडा घडाघडा वाचतात, इंग्रजीचाही बऱ्यापैकी वाचतात. पण काय वाचले असे विचारले की गप्प राहतात. तपासणीत मात्र मिनिटाला किती शब्द वाचले हेच पाहिले जाते.

उत्तर : फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. वाचन म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखण्याची क्षमता गुणिले ती भाषा ऐकून समजण्याची क्षमता. त्यांनी येथे बेरीज न करता गुणाकार मुद्दाम घेतला. दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. जुन्या गोव्यातील चर्चमधल्या थडग्यांवरील लॅटिन वा पोर्तुगीज ओळी रोमन अक्षरे येणाऱ्या कोणालाही मोठ्याने वाचता येतील, पण ती भाषा येत नसेल तर त्याला वाचन म्हणता येणार नाही. तुमच्या मुलांपुढे इंग्रजीचा धडा, आणि काही अंशी मराठीचाही, त्या दगडासारखा उभा आहे.

‘निपुण भारत’ हे अभियान जुलै २०२१ मध्ये सुरू झाले. त्यात तिसरीच्या अखेरीस मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे उद्दिष्ट आहे, पण ते वाचन समजून केलेले असावे हाही त्याच उद्दिष्टाचा भाग आहे. शब्द मोजणे सोपे असते आणि समज मोजणे अवघड, म्हणून सोपे तेवढे शिल्लक राहिले. तुम्ही तपासणीसाठी घड्याळ जरूर लावा, पण महिन्यातून एकदाच. रोजच्या वर्गात ते नको. घड्याळ लावले की मूल अर्थासाठी थांबायला भिते, आणि चांगला वाचक तर योग्य ठिकाणी थांबतोच.

धडा उघडण्यापूर्वी पाच मिनिटे त्यातील चित्रावर बोलावे, आणि हे बोलणे घरच्या कोकणीत झाले तरी चालू द्यावे. वाचताना मध्येच पुस्तक मिटवून, आता पुढे काय होईल, असे विचारावे. धड्यात ज्याचे उत्तर शब्दशः सापडत नाही असा निदान एक प्रश्न रोज असावा. ‘मुलगा कोठे गेला?’ याचे उत्तर मूल ओळ शोधून देते, ‘तो आईला न सांगता का गेला असेल?’ याचे उत्तर देण्यासाठी त्याला कथेत शिरावे लागते.

शब्दांकडे तर विशेष लक्ष द्यावे. गोव्यातील मुलाच्या घरी ‘जनेल’ आणि ‘कदेल’ असते, पुस्तकात ‘खिडकी’ आणि ‘खुर्ची’. मुलांना मराठी येत असणारच असे आपण गृहीत धरतो आणि तेथेच समज निसटते. भाताचे उदाहरण पाहा. कोकणीत शेतातले ते भात, कांडल्यावर तांदूळ आणि शिजल्यावर शीत. तीन अवस्थांना तीन शब्द. पुस्तकी मराठीत शेतात असते तेही भात आणि ताटात येते तेही भात. इंग्रजीत शेतातल्याला ‘पॅडी’ म्हणतात, पुढच्या दोन्ही अवस्थांना ‘राइस’. हे तीन भाषांचे कोष्टक फळ्यावर काढून, मूठभर भात, मूठभर तांदूळ आणि डब्यातले शीत समोर ठेवून घेतलेला एक तास मुलांच्या फार दिवस ध्यानात राहील. तीन भाषा जगाची वाटणी निरनिराळ्या तऱ्हेने करतात, हे आठ वर्षांच्या मुलालाही कळते.

प्रश्न : ‘माझी शाळा’ या विषयावर पाच वाक्ये लिहायला सांगितली की आमच्या वर्गातील सर्व मुलांची पाचही वाक्ये तंतोतंत सारखी येतात. मराठीत हेच आणि इंग्रजीत तर अधिकच. मुले स्वतःचे कधी लिहू लागतील?

उत्तर : जेव्हा त्यांच्याजवळ असे काही असेल जे फक्त त्यांनाच ठाऊक आहे, तेव्हा. ‘माझी शाळा’ सर्वांना सारखीच ठाऊक असते आणि वाचणाऱ्या बाईंना तर सर्वांत अधिक, मग मूल कोणाला काय सांगणार?

मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा शुद्धलेखनाची एकही चूक तांबड्या शाईशिवाय सोडत नसे. एक मुलगा वर्षभर कोरी वही देत राहिला. त्याची आई मासळी विकत असे. एके दिवशी मी त्याला, बाजारात आज काय काय आले होते आणि किती रुपयांना होते, ते मला लिहून दे, असे सांगितले. त्याने बांगडे, तारले, सुंगटे, मुड्डोशी, साऱ्यांचे भाव लिहून आणले; अर्ध्या शब्दांचे ऱ्हस्व-दीर्घ चुकले होते, पण वहीचे पान पहिल्यांदा भरले होते. त्या दिवशी तांबडे पेन मी उघडले नाही, आणि एक वर्ष आधी ते मिटले असते तर बरे झाले असते, असे मला आजही मनापासून वाटते.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्विया ॲश्टन-वॉर्नर रोज सकाळी प्रत्येक मुलाला, आज तुला कोणता शब्द हवा, असे विचारत आणि तो शब्द एका जाड पट्टीवर लिहून त्याच्या हाती देत. दुसऱ्या दिवशी जो शब्द मुलाला ओळखता येत नसे ती पट्टी त्या फाडून टाकत, कारण तो शब्द मुलाच्या मनाला भिडलेलाच नाही असे त्या मानत. तुम्हाला पट्ट्या फाडण्याची आवश्यकता नाही, पण शब्द मुलाने मागावा ही कल्पना अवश्य घ्यावी.

चतुर्थी जवळ येत आहे, तिचा उपयोग करावा. गणपतीवर बांधायच्या माटोळीला कोणती फळे, फुले आणि वेली लागतात याची यादी प्रत्येक मुलाने घरी विचारून आणावी. नारळाचा आणि सुपारीचा घड सर्वांच्या यादीत येईल, पण डोंगरातून आणलेल्या कांगल्या-कवंडळांसारख्या रानफळांची नावे आणि ती कोठे सापडतात हे प्रत्येकाचे वेगळे असेल, आणि त्यांतले पुष्कळ शिक्षकालाही ठाऊक नसेल. मग ‘आम्ही हे कोठून आणले’ एवढेच चार ओळींत लिहावे. त्याच वस्तूंतील ज्यांना इंग्रजी नावे आहेत, नारळ, केळी, काकडी, त्यांच्या नावपट्ट्या इंग्रजीत कराव्यात, आणि ज्यांना नाहीत त्यांची नावे रोमन अक्षरांत कशी लिहाल हे मुलांवर सोपवावे. ध्वनी ऐकून अक्षर शोधण्याचा याहून चांगला सराव मला माहीत नाही. मुलाने ‘कॅट’ हा शब्द ‘के’ने लिहिला तर त्याला ध्वनी बरोबर ऐकू आला आहे, हे आधी ओळखावे, ‘सी’ पुढे येईलच. पहिल्या मसुद्यावर खूण करू नये, आणि भिंतीवर लावण्यासाठी जी प्रत करायची ती मुलाच्या शेजारी बसून सुधारावी.

प्रश्न : आम्ही डिचोलीला राहतो. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि आता इंग्रजी. मुलाचा गोंधळ होऊ नये म्हणून घरी इंग्रजीतच बोला, असे नातेवाईक सांगतात.

उत्तर : कृपा करून तसे करू नका. जी भाषा तुम्हाला मनमोकळी बोलता येते तिच्यातच मुलाशी बोलावे, रागवावे, गोष्टी सांगाव्यात. जिम कमिन्स या कॅनडातील अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार पहिल्या भाषेत पक्की झालेली समज, गोष्टीचा धागा धरणे, कारण शोधणे, नवा शब्द संदर्भाने ओळखणे, दुसऱ्या भाषेत आपल्यासोबत येते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या वा स्थानिक भाषेत शिकवावे असे म्हटले आहे. कोकणीचा आणखी एक प्रत्यक्ष लाभ आहे. तिच्यात उघडा आणि मिटलेला ‘ए’, तसेच उघडा आणि मिटलेला ‘ओ’ यांच्यात भेद केला जातो, त्यामुळे कोकणी कानाला इंग्रजी स्वर वेगळे करणे सोपे जाते. गोंधळ दिसतो तो शब्द मिसळण्यापुरता, आणि तो आपण मोठी माणसेही रोज करतो.

प्रश्न : वास्को भागातील माझ्या वर्गात निम्मी मुले घरी कन्नड वा हिंदी बोलतात. त्यांना मराठीच कळत नाही, मग इंग्रजी कसे शिकवू?

उत्तर : या मुलांना मराठी आणि इंग्रजी दोन्ही नव्या आहेत, म्हणून दोहोंसाठी पहिल्या उत्तरातील हुकूम आणि कथेचीच वाट धरावी. एका भिंतीवर वर्गातील दहा वस्तूंची नावे वर्गातल्या सर्व भाषांत लिहावीत; कन्नड लिपी तुम्हाला येत नसेल तर एखाद्या पालकाला वर्गात बोलावून लिहून घ्यावी. आपल्या आईच्या हातचे अक्षर वर्गाच्या भिंतीवर पाहिल्यावर त्या मुलाचे वर्गातील स्थान बदलते, आणि बोलायला लागणारे धैर्य त्याला तेथून मिळते.

प्रश्न : शाळेला पुस्तकांसाठी फारसा निधी नाही. चार वर्षांच्या नातवाला मोबाइलवरील इंग्रजी गाणी दाखवली तर चालतील का, असेही एका आजीने विचारले आहे. तो प्रश्न तुमच्याकडे पाठवते.

उत्तर : आजींना आधी उत्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगले, असे सुचवले आहे. एकच गाणे दोघांनी मिळून पाहावे, मोबाइल बंद करून ते हातवारे करत म्हणावे. एकट्याने पाहिलेल्या दहा गाण्यांहून ते अधिक उपयोगी पडेल. त्याशिवाय आजींनी स्वतःच्या तोंडची फुगडीची, धालोची गाणी म्हणावीत. यमक ओळखू लागलेला कान पुढे कोणत्याही भाषेतील शब्द तोडून-जोडून पाहू शकतो.

पुस्तकांविषयी. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर २०१५ पासून मुलांची सचित्र पुस्तके मुक्त परवान्याखाली, म्हणजे विनामूल्य वाचायला, छापायला आणि बदलून घ्यायलाही उपलब्ध आहेत. एकच पुस्तक मराठीत आणि इंग्रजीत मिळते, काही कोकणीतही आहेत, आणि पुस्तकांच्या चार पातळ्या केलेल्या आहेत. पहिली-दुसरीसाठी पहिल्या पातळीपलीकडे जाण्याची घाई करू नये. पणजीतील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ पासून चालू आहे आणि तेथे बालविभाग आहे. पणजीतीलच ‘बुकवर्म’ ही संस्था शाळांमध्ये वाचनालयाचे काम करते. तिच्याशी पत्रव्यवहार करून पाहावा.

जी वीस-पंचवीस पुस्तके जमतील ती कपाटात बंद करू नयेत. वर्गात दोरी बांधून ती मुलांच्या हाताला येतील अशा उंचीवर, मुखपृष्ठ दिसेल अशी टांगावीत, आणि कोणी कोणते पुस्तक घरी नेले हे मुलांनीच एका वहीत लिहावे. आपल्या पावसात पुस्तकांना बुरशी लवकर लागते. जून ते सप्टेंबर शनिवारी शाळा सुटताना ती झाकणाच्या डब्यात ठेवावीत, आत सुक्या कडुनिंबाची पाने घालावीत, आणि ऊन पडेल त्या दिवशी चौथीतील मुलांकडून ओसरीवर उघडून ठेवून घ्यावीत. त्या दिवशी पुस्तके गोळा करायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागेल, कारण मुले ती उघडून तेथेच वाचत बसतील. तेवढा वेळ त्यांना द्यावा.